रोज बॅग घेऊन निघता, पण भेटता कुणाला?

पत्र थोडक्यात असं. पिंपरी-चिंचवडमधले एक वाचक, वय ४८. मेकॅनिकल डिप्लोमा, पुढे नोकरी करता करता पदवी. एकूण २७ वर्षांची नोकरी. त्यातली शेवटची १५ वर्षं ८ महिने चाकणच्या एका कारखान्यात, जिथे इंजिनाचे भाग बनतात. तिथे ते क्वालिटी मॅनेजर होते. चार महिन्यांपूर्वी एक लाइन बंद झाली आणि त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला गेला. पगार वर्षाला १९ लाख होता. तेव्हापासून पोर्टलवरून १४० अर्ज, सहा फोन, दोन मुलाखती. एकीकडे ‘ओव्हरक्वालिफाइड’ म्हणाले, दुसरीकडून उत्तरच आलं नाही. भोसरीतला एक लहान कारखाना १२ लाखांवर घ्यायला तयार आहे. कंपनीकडून हिशेबाचे ११ लाख मिळाले, मुदत ठेवीत ६ लाख आहेत. गृहकर्ज २२ लाख बाकी, हप्ता ३१ हजार, हप्त्यासकट घरखर्च महिना ८५ हजार. मुलगी बारावीत. बायकोला सगळं ठाऊक आहे. मुलीला, ७६ वर्षांच्या वडिलांना आणि सोसायटीत कुणालाच नाही. रोज सकाळी साडेसातला, कंपनीची बस यायची त्याच वेळेला, ते बॅग घेऊन निघतात आणि वाचनालयात जाऊन बसतात. प्रश्न तीन आहेत: बायोडेटात वय लपवू का? ११ लाख कर्जात भरून मोकळा होऊ का? सात लाख कमी घेऊन भोसरीला जाऊ का?

नमस्कार,

तुमच्या तीन प्रश्नांपेक्षा पत्रात जाता जाता आलेली ती बॅगच मला जास्त महत्त्वाची वाटते. तुम्ही नोकरी गेल्याचं लपवताय आणि त्याच वेळी नोकरी शोधताय. तुमच्या पदाला या दोन्ही गोष्टी एकत्र होत नाहीत. ट्रेनी आणि ज्युनिअर इंजिनिअरच्या जागा पोर्टलवरून भरतात, कारण एका वेळी दहा माणसं लागतात. क्वालिटी हेडची जागा एका कारखान्यात एकच असते. ती रिकामी व्हायच्या आधीच कुणीतरी कुणालातरी विचारतं, “ओळखीत कोणी आहे का?” तेव्हा तुमचं नाव निघायचं, तर तुम्ही मोकळे आहात हे लोकांना माहीत तर हवं. १४० अर्जांना सहा फोन आले, त्याचा दोष तुम्ही वयाला देताय. माझ्या मते निम्मा दोष जागा चुकीच्या ठिकाणी शोधल्याचा आहे.

आता वय. बायोडेटात जन्मतारीख लिहायची गरज नसते, ती काढून टाका. दहावी-डिप्लोम्याची सालंही काढा, कुणी हरकत घेत नाही. पण २७ वर्षांच्या अनुभवाची १५ वर्षं करू नका. रुजू होताना पडताळणी होते, यूएएनवरची (पीएफच्या कायमच्या क्रमांकावरची) नोकऱ्यांची नोंद मागतात आणि तिथे सगळ्या तारखा उघड होतात. लपवलेलं सापडलं की दिलेली ऑफर परत घेतली जाते.

शिवाय समोरच्याला तुमच्या ४८ या आकड्याची भीती नसते. त्याच्या मनात तीन शंका असतात आणि तो त्या तोंडाने विचारत नाही. एक, १९ लाख घेणारा माणूस कमी पगारावर टिकेल का, की चार महिन्यांत निघून जाईल? दोन, आठ इंजिनिअर हाताखाली असलेला हा माणूस स्वतः उठून सीएमएमचा (भागांची मापं अचूक मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट बघेल का? कस्टमरची लाइन थांबली तर रात्री दोन वाजता सॉर्टिंगला (खराब भाग वेगळे काढायला) जाईल का, की फक्त पीपीटी दाखवेल? तीन, छत्तीस वर्षांच्या प्लान्ट हेडला रिपोर्ट करताना याचा ‘आमच्या वेळी’ सुरू होईल का? ‘ओव्हरक्वालिफाइड’ या एका शब्दात या तिन्ही शंका मावतात. उत्तर त्यांनाच द्यायचं.

बायोडेटा दोन पानांचा करा. ‘२७ वर्षांचा समृद्ध अनुभव’ ही पहिली ओळ काढा. तिथे लिहा: कुठला भाग, कुठली प्रक्रिया (मशिनिंग, हीट ट्रीटमेंट, असेंब्ली), कुठल्या प्रकारचे कस्टमर. प्रत्येक कामाला आकडा हवा. कस्टमर पीपीएम (दहा लाख भागांमागे सदोष भाग) किती होतं आणि किती महिन्यांत किती केलं, वर्षाला किती पीपीएपी (कस्टमरकडून भाग मंजूर करून घ्यायच्या फायली) सादर केल्या, आयएटीएफ १६९४९ च्या (वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाच्या) किती ऑडिटला तुम्ही स्वतः सामोरे गेलात आणि किती मेजर एनसी (मोठ्या त्रुटी) निघाले. ‘टीमचं नेतृत्व केलं’ या वाक्याने कुणाचीच दुसरी शंका फिटत नाही. ‘बोअर ओव्हरसाइजच्या तक्रारीवर ८डी केली, कारण फिक्स्चरच्या झिजेत सापडलं, पुढचे ११ महिने तक्रार नाही’ असं लिहिलं की फिटते (८डी म्हणजे तक्रारीचं मूळ शोधायची आठ टप्प्यांची पद्धत). उदाहरण अर्थातच तुमचं खरं घ्या. शेवटच्या १५ वर्षांना दीड पान द्या, आधीच्या बारा वर्षांना चार ओळी पुरे. दोन कॉलमची रंगीत डिझाइनं नकोत. पोर्टलचं सॉफ्टवेअर ती नीट वाचत नाही, मग तुमचं कंपनीचं नाव कौशल्यांत जातं आणि कौशल्यं गायब होतात.

पोर्टल सोडू नका, पण त्याला दिवसाचा अर्धा तासच द्या. भरती करणारा माणूस तिथे शब्द टाकून शोधतो आणि वर चाळण्या लावतो: किती दिवसांत रुजू होणार, अपेक्षित पगार किती, प्रोफाइल शेवटचं कधी हललं. तुम्ही लगेच रुजू होऊ शकता, हा तुमच्याकडचा मोठा पत्ता आहे. तीन महिन्यांची नोटीस असलेल्या पस्तिशीच्या उमेदवाराकडे तो नाही. ‘तात्काळ’ निवडा. अपेक्षित पगारात १९ टाकून ठेवलं असेल तर १३ ते १६ च्या शोधात तुम्ही दिसतच नाही आहात. दर सोमवारी मथळ्यातला एखादा शब्द बदला, म्हणजे प्रोफाइल वर राहतं.

उरलेला वेळ माणसांना द्या. चाळीस नावांची यादी करा. त्यात नातेवाईक नकोत. कस्टमरकडचे एसक्यूए (सप्लायरची क्वालिटी बघणारे) इंजिनिअर, तुमचे सप्लायर, टूलरूमवाले, कॅलिब्रेशन लॅबवाले, तुमच्याकडे येणारे ऑडिटर, तुमच्या हाताखालून गेलेली मुलं. यातली काही मुलं आज कुठे ना कुठे मॅनेजर असतील आणि त्यांना फोन करणं सगळ्यात जड जाईल, तरीही करा. गेज आणि सीएमएम विकणाऱ्या माणसाला विसरू नका. रांजणगावात कोण नवी लाइन टाकतंय, तळेगावात कुणाला पीपीएपीची घाई आहे, हे त्याला एचआरच्या आधी कळतं, कारण मशिनची ऑर्डर माणसांच्या आधी निघते.

त्यांना “नोकरी आहे का?” असं विचारू नका. माणूस संकोचतो आणि “बायोडेटा पाठवून ठेवा” म्हणून फोन ठेवतो. असं विचारा: “आमची लाइन बंद झाली, मी मोकळा आहे. मशिनिंग आणि असेंब्लीच्या क्वालिटीत काम शोधतोय. तुम्ही दहा ठिकाणी जाता, क्वालिटीत कुणाची ओढाताण चाललीये?” या प्रश्नाला उत्तर देणं सोपं असतं. रोज तीन फोन, आठवड्याला एक प्रत्यक्ष भेट. ज्याने एखादं नाव दिलं त्याला पंधरा दिवसांनी काय झालं ते कळवा. हे बहुतेक जण करत नाहीत, म्हणून दुसऱ्यांदा नाव मिळत नाही.

मुलाखतीत “का सोडलं?” हा प्रश्न येणारच. दोन वाक्यांत उरका: “इंजिनाच्या भागांची एक लाइन बंद झाली, त्यात माझी जागा गेली. रिलिव्हिंग लेटर आणि प्लान्ट हेडचा नंबर देतो.” तिसरं वाक्य बोलू नका. राजीनामा लिहून घेतला, अन्याय झाला, हे खरं असलं तरी त्या टेबलावर ते तुमच्या विरोधात जातं.

कन्सल्टंटकडून फोन आला आणि त्याने नोंदणी, प्रशिक्षण, कागदपत्रं अशा कुठल्याही नावाने पैसे मागितले तर तिथेच थांबा. खरा कन्सल्टंट कंपनीकडून पैसे घेतो, साधारण वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. तुमच्याकडून नाही. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांतच रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते.

पैशांकडे वळू. ११ लाख कर्जात भरायची घाई मला पटत नाही. तुमचे हातचे १७ लाख, खर्च ८५ हजार, म्हणजे २० महिने. ११ भरले की उरले ६, म्हणजे सात महिने. आणि बँक अशा वेळी सहसा कर्जाची मुदत कमी करते, हप्ता ३१ हजारच राहतो. डोक्यावरचं कर्ज कमी झाल्यासारखं वाटेल, पण पुढच्या पाच तारखेला फरक शून्य. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरायला दंड नसतो, तेव्हा नोकरी लागल्यावरही भरता येतील. भरलेले परत मात्र मिळत नाहीत. हप्ता जड होऊ लागला तर चुकायच्या आधी शाखेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी करायचा लेखी अर्ज द्या. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं आणि मग बोलणी तुमच्या हातात राहत नाहीत.

हिशेबाचा कागद पुन्हा काढून बघा. ग्रॅच्युइटी किती वर्षांची धरली? सहा महिन्यांपेक्षा जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची १६ वर्षं होतात, १५ नाहीत. सूत्र असं: शेवटचं मासिक वेतन (मूळ अधिक महागाई भत्ता) गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ ६० हजार धरलं तर १६ वर्षांचे ५,५३,८४६ रुपये, १५ वर्षांचे ५,१९,२३१. फरक साडेचौतीस हजारांचा. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आणि वेतनाची व्याख्या बदलली: भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा. तुमचा शेवटचा दिवस त्यानंतरचा असेल, तर कंपनीने कुठलं वेतन धरलं हे ईमेलने विचारा. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासह.

पीएफला हात लावू नका. खात्यावर व्याज चालू राहतं. फक्त नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो, तो रिटर्नमध्ये दाखवा. तुमची पेन्शनपात्र सेवा दहा वर्षांच्या पुढची आहे, म्हणजे ५८ व्या वर्षी पेन्शन आहे. आज एक काम करा: ईपीएफओच्या पोर्टलवर ‘सोडल्याची तारीख’ भरली गेली आहे का ते बघा. कंपनीने भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः भरता येते. ही तारीख रिकामी राहिली की नव्या कंपनीत पीएफ वर्ग होताना अडतं आणि पडताळणीत तुम्ही दोन ठिकाणी नोकरीला दिसता.

आरोग्यविम्याबद्दल पत्रात अवाक्षर नाही, म्हणून विचारते. कंपनीचा गट विमा सहसा शेवटच्या दिवशी संपतो. ज्यांची नोकरी अजून जायची आहे त्यांनी हे वाचावं: विमा चालू असतानाच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज दिला, तर आजारांच्या दाव्यासाठी जो काळ थांबावं लागतं, त्यात आधीची वर्षं मोजली जातात. तुमच्यासाठी ती वेळ बहुधा गेली. आता नवी फॅमिली पॉलिसी घ्या आणि रक्तदाब, साखर जे असेल ते लिहा. आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची असते, पण लपवलं तर दावा नाकारायला कारण मिळतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. वडिलांचं वय ७६, म्हणजे सत्तरीपुढच्यांसाठीचं आयुष्मान वयवंदना कार्ड त्यांना मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार यादीतल्या रुग्णालयांत. त्यासाठी आधारची पडताळणी लागते, वडिलांना समोर बसवावं लागेल. “हे कशाला?” असं ते विचारतील. तेव्हा खरं सांगून टाका. मुलीला त्याच संध्याकाळी सांगा, आणि तिची फी बाजूला ठेवली आहे हे आकड्यासकट सांगा. बारावीच्या मुलीला बाबा वेळेवर जातात पण पगाराबद्दल बोलत नाहीत, एवढं कळतं.

नवं काय शिकू, हा प्रश्नही तुमच्या मनात असेल. दीड-दोन लाखांच्या ‘इंडस्ट्री ४.०’ किंवा एआयच्या पदव्युत्तर कोर्सवर पैसे घालू नका. तुमच्या कामात विचारली जाणारी गोष्ट निवडा: २०१९ ची एआयएजी-व्हीडीए एफएमईए (बिघाड होण्याआधीच ओळखायची पद्धत), व्हीडीए ६.३ चं प्रक्रिया ऑडिट, किंवा पाच दिवसांचा आयएसओ ९००१ लीड ऑडिटर कोर्स. इलेक्ट्रिक वाहनांचे भाग बनवणाऱ्यांकडे जायचं असेल तर इलेक्ट्रॉनिक असेंब्लीसाठीचं आयपीसी-ए-६१० हे मानक बघा. सोल्डर जॉइंट कसा नापास करायचा हे मशिनिंगवाल्या क्वालिटीच्या माणसाला सहसा येत नाही, म्हणून तिथे तुमचा वेगळेपणा दिसेल. यांतला एकच घ्या, तोही जाहिराती बघून, कुठला शब्द सारखा येतो ते मोजून.

दुसरी वाट सल्लागारीची. भोसरी, तळवड्यात असे कितीतरी लहान कारखानदार आहेत ज्यांना पूर्णवेळ क्वालिटी मॅनेजर परवडत नाही, पण कस्टमर पीपीएपी आणि कंट्रोल प्लान (तपासणीचा आराखडा) मागतो. केंद्राच्या झेड (लहान उद्योगांच्या गुणवत्तेच्या) प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के, लघुउद्योगांना ६० टक्के सवलत आहे, तेही काम असतं. आठवड्याला दोन दिवस, लेखी पत्र, निम्मे पैसे आगाऊ, कामाची यादी आधी ठरलेली. शेवटची अट सैल सोडली की तुम्ही फुकटचे पूर्णवेळ मॅनेजर होता. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असेल तर सेवेसाठी जीएसटी नोंदणी लागत नाही. मात्र पहिले चार-सहा महिने पैसा तुटपुंजा येईल हे धरून चाला. मुलीची फी भरायच्या वर्षात फक्त याच्यावर विसंबू नका.

आणि भोसरी. १९ आणि १२ मधले सात लाख कागदावरचे आहेत. २०२५-२६ पासूनच्या नव्या कररचनेत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत आयकर नाही, आणि १९ लाखांवर सुमारे १ लाख ७१ हजार लागतो. म्हणजे खरा फरक सव्वापाच लाखांच्या आसपास. १२ लाखांत मूळ निम्मं असेल, कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी त्यातच धरली असेल, तर हातात महिना ८५ हजार येतील. तुमचा खर्च तेवढाच आहे. शिल्लक पडणार नाही, पण १७ लाखांना हात लागणार नाही आणि यूएएनवरची पोकळी चार महिन्यांवर थांबेल.

पगारापेक्षा मला दुसरी चिंता आहे. हा कारखानाही इंजिनाचेच भाग करतो का? विक्रीतला किती हिस्सा इंजिनावर आहे आणि कुठल्या नव्या प्रोग्रॅमचं नॉमिनेशन (नव्या गाडीचे भाग पुरवण्यासाठी झालेली निवड) हातात आहे, हे मुलाखतीत सरळ विचारा. सगळंच इंजिनावर असेल तर पन्नाशीनंतर हेच पत्र पुन्हा लिहावं लागेल. मग नको म्हणा आणि २० महिने नीट वापरा. अॅल्युमिनियम कास्टिंग, बॅटरीचे ट्रे, इलेक्ट्रॉनिक्स असं काही असेल आणि कस्टमरशी बोलणी तुमच्याकडे असतील, तर मी घ्या म्हणेन. पैशांवर फार ताणू नका, अटींवर ताणा: नोटीस एक महिन्याची, तीनची नको, सहा महिन्यांनी पगाराचा आढावा, तोही नेमणूकपत्रात, कस्टमर पीपीएमच्या ठरलेल्या आकड्याशी बांधून.

होकाराआधी दोन गोष्टी तपासा. ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधायची सोय आहे, लॉगिन लागत नाही. तिथे कारखान्याचं नाव टाकलं की दर महिन्याचा पीएफ कुठल्या तारखेला भरला आणि किती माणसांचा, हे दिसतं. तारखा सारख्या घसरत असतील किंवा माणसं दर महिन्याला कमी होत असतील, तर पगारही तसाच होणार. आणि शेवटच्या बोलणीला दुपारी तीनच्या सुमाराची वेळ मागा. शिफ्ट बदलत असते. मालक केबिनमध्ये बसवतील, पण तुम्ही शॉप फ्लोअर बघायला मागा आणि रिजेक्शनच्या लाल पेट्यांपाशी थांबा. पेट्यांवर तारीख आणि कारण लिहिलेलं आहे का, जाणारी शिफ्ट येणाऱ्याला काही सांगते का, हे तुम्हाला पाच मिनिटांत कळेल.